माशांबद्दल खरं

१९ मे

बोट पाण्यात उतरली. नाव ‘प्लेन टॉक’, म्हणजे साधं बोलणं. रंगारी म्हणाला, “मास्तर, लोक बोटीला बायकोचं नाव देतात. तुम्ही हे काय काढलंत?” मी सांगितलं, बायकोनं नकार दिला. हे खरंच आहे. नोला म्हणाली, “जी वस्तू सप्टेंबरात विकायची, तिच्यावर माझं नाव नको.”

करार असा : सव्वीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, आता एक उन्हाळा वडिलांचा धंदा करून पाहायचा. शहरातले हौशी लोक दिवसभरासाठी बोट ठरवतात, त्यांना खोल पाण्यात नेऊन मासे पकडून द्यायचे. सप्टेंबरातल्या कामगार दिनापर्यंत पुढच्या उन्हाळ्याच्या आरक्षणाच्या वहीची (दिवसाला एक पान) निम्मी पानं आगाऊ भरली तर बोट राहील. नाही भरली तर बोट विकून राली शहरात, मुलीच्या घराजवळ. तिथं दुसऱ्या मजल्यावर एक घर बघून ठेवलंय. खिडकीतून मोटारींचा तळ दिसतो. ज्या गावात चष्म्याच्या काचेवर मीठ साचत नाही तिथं मी काय बघणार?

खलाशी म्हणून हॅलिस मिळाला. वय सदुसष्ट. दात मोजके, शब्द त्याहून मोजके.

२३ मे

आज रेडिओवर बर्ल गॅस्किलचा आवाज आला : “मिल्ड्रेड मावशीनं बरणी तिसऱ्या फळीवर ठेवलीय.” लगेच सहा बोटींची तोंडं फिरली.

बर्लला मिल्ड्रेड नावाची मावशी नाही. मी त्याला इतिहासात दोनदा नापास केलं होतं, त्यामुळे त्याचं सगळं घराणं एकेक करून माझ्याशी भांडायला आलं होतं. त्यात मिल्ड्रेड कुणी नव्हती. ही त्यांची सांकेतिक भाषा. सात बोटींचा गट आहे. मासे कुठे लागले ते एकमेकांना असं सांगतात. गटाबाहेरच्यांना बिनदिक्कत खोटं सांगतात. ‘इथं काही नाही, माझी गिऱ्हाइकं झोपलीत,’ असं जो म्हणतो त्याच्या गळाच्या चार दांड्या तेव्हा वाकलेल्या असतात.

ज्ञानाला कुलूप लावणाऱ्यांची जात मी चांगली ओळखतो. पुरोहितांनी पंचांग लपवलं, दर्यावर्दी राजांनी नकाशे लपवले, सावकारांनी धान्य लपवलं, आणि बर्ल गॅस्किलनं मासे लपवले. समुद्राला कुंपण नाही. मग त्याच्या बातमीला का असावं? मी ठरवलंय. मला जिथं मासे लागतील ती जागा मी उघड्या चॅनेलवर, साध्या भाषेत, सगळ्यांना सांगणार. रोज.

हॅलिसला हे सांगितलं. त्यानं थुंकून आमिषाचा डबा उघडला.

२८ मे

पहिला प्रयोग. बावीस मैल आग्नेयेला, चाळीस वाव खोल पाण्यावर, पिवळ्या शेवाळाची लांब रांग दिसली आणि तिच्या सावलीत माही मासेच मासे. मी माइक उचलला. “सर्व बोटींना. मी लेथन फुल्चर, ‘प्लेन टॉक’वरून. बावीस मैल, आग्नेय, चाळीस वाव. मासे भरपूर आहेत. सगळ्यांनी यावं.”

एकही बोट आली नाही. उलट तीन बोटी ईशान्येला गेल्या.

माझी गिऱ्हाइकं चिडली. एकानं विचारलं, “आम्ही पैसे दिले ते तुम्ही साऱ्या गावाला बोलवावं म्हणून?” त्यांना मी ज्ञानाच्या सार्वजनिक मालकीबद्दल वीस मिनिटं समजावलं. दोघांना ओकारी झाली. लाटा मोठ्या होत्या.

संध्याकाळी धक्क्यावर फळीच्या खिळ्यांना मासे टांगले. एकोणीस. बर्ल येऊन बराच वेळ बघत राहिला.

“बावीस मैल आग्नेय, नाही का मास्तर?”

“अक्षरशः.”

“चाळीस वाव.”

“एकेचाळीस असतील फार तर.”

त्यानं हळूच टोपी काढली. “छान. फारच छान.”

विद्यार्थी म्हणून हा माणूस कधीच माझ्याशी सहमत झाला नव्हता. बी पेरलं गेलंय.

९ जून

रोज सांगतोय. रोज मासे. रोज कुणी येत नाही. भिडस्तपणा असावा, ज्याला आयुष्यभर चोरून खायची सवय लागली त्याला पंगतीत बसायला लाज वाटते.

आज बर्लचा मेहुणा क्लाइड वाट चुकून आमच्याजवळून गेला. आम्ही सांगितलं होतं तिथंच होतो, तीस मैल दक्षिणेला. संध्याकाळी त्यानं मला धक्क्यावर गाठलं.

“मास्तर, तुम्ही खरोखर तिथं होतात!”

“तिथं आहे म्हणालो तर तिथंच असणार ना!”

“तेवढ्यासाठी? नुसतं दाखवायला एवढं डिझेल जाळून?” तो वळून ओरडला, “बर्ल! ऐकलंस का? हा माणूस शेवटपर्यंत सोडत नाही रे!”

बोलण्यात आणि वागण्यात मेळ असणं या लोकांना इतकं नवीन आहे. वाईट वाटलं.

१० जून

नोला स्वयंपाकघरात रेडिओ लावून बसते. कोळंबी सोलता सोलता एकटीच हसते. मी कारण विचारलं तर म्हणाली, “काही नाही. आज तू फार छान बोललास.” लग्नाला चौतीस वर्षं झाली. भाषणाचं कौतुक पहिल्यांदा.

२ जुलै

पाणी तापलंय आणि मासे गायब. शेवाळाच्या रांगाही फुटून गेल्या. तीन तास हिंडून एक दांडी हलली नाही. सत्य फक्त सोयीचं असेल तेव्हाच सांगायचं, असं माझं तत्त्व नाही. माइक उचलला : “मी सव्वीस मैलांवर आहे, पूर्वेला. इथं काही नाही. मी रिकामा आहे. कुणी येऊ नका.”

अर्ध्या तासात पाच बोटी आल्या!

मला भरून आलं. माणूस भरलेला असताना लोक येत नाहीत, रिकामा असताना येतात. समाज अजून जिवंत आहे. मी हात हलवला. त्यांनीही हलवले. दोन तास माझ्याभोवती घिरट्या घालून रिकामे परत गेले. संध्याकाळी बर्ल म्हणाला, “पंधरा मैल आणलंत आम्हाला, मास्तर. पंधरा!”

“आभारी आहे,” मी म्हणालो.

तो क्लाइडच्या खांद्यावर डोकं ठेवून हादरत होता. उन्हात दिवस काढला की माणूस हळवा होतो.

११ जुलै

रिकामा.

१२ जुलै

दोन लहान सुरमया. एकीला सोडावं लागलं, मापात बसेना. गटाला रोज मिळतायत. मिल्ड्रेड मावशीच्या फळ्या संपत नाहीत.

१५ जुलै

आज पेनसिल्व्हेनियातलं एक म्हातारं जोडपं होतं. लग्नाचा पन्नासावा वाढदिवस. दिवसभर माझ्याबरोबर ऊन खाल्लं, मिळालं काही नाही. म्हातारी उलट माझीच समजूत घालत होती : “वारा छान होता हो, कप्तान.” धक्क्यावर त्यांची बर्फाची पेटी उघडी पडली होती, आत नुसता बर्फ. तेवढ्यात बर्ल आला, दोन टूना आत ठेवले, झाकण लावलं आणि चालू लागला.

मी म्हणालो, “मला उपकार नकोत—”

हॅलिसनं माझं मनगट धरलं. दोन महिन्यांत एवढं लांब तो पहिल्यांदाच बोलला. “गप्प बसा, मास्तर. ते तुम्हाला नाही दिले, पाहुण्यांना दिलेत. या धक्क्यावरून कुणाचाही पाहुणा रिकामी पेटी घेऊन जात नाही. तुमच्या वडिलांनीही दिलेत, घेतलेत.”

रात्रभर हे कोडं सुटेना. पाण्यात जो मासा लपवतो तोच जमिनीवर वाटतो. हे कुठल्या अर्थशास्त्रात बसवायचं?

वहीत पुढच्या उन्हाळ्याची अकरा पानं भरली आहेत. लागतात पंचेचाळीस. नोला फोनवर मुलीला म्हणत होती, “जिना रुंद आहे ना? याचा गुडघा दुखतो.” माझा गुडघा दुखत नाही. दुखतो, पण बोटीवर नाही.

२९ जुलै

एका गिऱ्हाइकानं विचारलं, मासेवाल्या बोटीवर जागा आहे का. माझ्याच बोटीवर उभा राहून.

आज पहिल्यांदा मनात आलं : आपणही ती मावशी शिकून घेतली तर? शरम वाटली. मग माइकवर नेहमीपेक्षा मोठ्यानं बोललो.

७ ऑगस्ट

तीन दिवस ईशान्येचा वारा पिसाळला होता. बोटी बांधलेल्या. आज पहाटे निवळलं आणि सगळ्यांच्या आधी मी निघालो. ज्याला मासे मिळत नाहीत त्याला निदान लवकर उठता येतं. खाडीच्या तोंडाशी, नेहमीच्या वाटेवर, वाट दाखवणाऱ्या तरंगत्या लाल बोयाच्या अगदी योग्य बाजूनं जात असताना बोटीचा तळ खरवडला. वाळूचा दांडा तीन दिवसांत सरकला होता आणि बोया चक्क खोटं सांगत होता. एका लाटेनं उचलून नेलं म्हणून सुटलो. हॅलिसनं बांबू टाकून पाणी मोजलं. उत्तरेला एक फट होती, तिथं नऊ फूट; बोयापाशी साडेतीन फूट.

मागं वळून पाहिलं तर अकरा बोटी रांगेनं येत होत्या, दिवे लावून. प्रत्येकीवर सहा-सात माणसं. समुद्राकडून भरतीच्या लाटा फुटायला लागलेल्या. एक बोट आडवी झाली असती तर पुढं काय झालं असतं ते लिहवत नाही.

माइक उचलला. सगळा उन्हाळा हाका मारतोय, एकदाही कुणी ऐकलेलं नाही. आज नाही ऐकलं तर? “सर्व बोटींना. लेथन फुल्चर. लाल बोयापाशी येऊ नका. साडेतीन फूट आहे. मी टेकलोय. उत्तरेच्या फटीतून या, तिथं नऊ फूट मिळतंय.” मोठं भाषण सुचलंच नाही.

खरखरीतून बर्ल : “ऐकलं, मास्तर. उत्तरेनं.”

क्लाइड : “उत्तरेनं.”

आणि अकराच्या अकरा बोटी वळल्या. कुणी विचारलं नाही, खात्री केली नाही, हसलं नाही. एकामागून एक माझ्या शेजारून निघून गेल्या, प्रत्येक कप्तानानं दोन बोटं टोपीला लावली.

मी हॅलिसला म्हणालो, “आज विश्वास ठेवला रे त्यांनी!”

“तळाबद्दल बोललात,” तो म्हणाला. “माशाबद्दल कोण काय बोलतं ते बोलतं. तळाबद्दल आणि वाऱ्याबद्दल जो खोटं बोलेल त्याला या बंदरात दोर फेकायला माणूस मिळत नाही.”

त्याला काय म्हणायचं होतं ते मला नीट कळलं नाही. पण दहा आठवड्यांच्या प्रचाराला फळ आलं, हे उघड आहे. रोज खरं ऐकून ऐकून कान तयार होतात.

२० ऑगस्ट

बर्ल घरी आला! टोपी हातात, केस ओले करून विंचरलेले. नोलानं थंड गोड चहा दिला.

“मास्तर, गटात एक जागा रिकामी होतेय. ॲन्सल म्हातारा फ्लोरिडाला चाललाय लेकाकडे. आम्ही सगळे बोललो. सगळ्यांच्या तोंडी तुमचंच नाव.”

मी विचारलं, “माझं का?”

“का म्हणजे? तुमच्यासारखा माणूस या किनाऱ्यावर झालेला नाही. आमच्या आजोबांच्या वेळी एक होता म्हणतात, पण तोसुद्धा रोज नाही बोलायचा. आणि त्या दिवशी खाडीच्या तोंडाशी तुम्ही जे केलंत... दोन्ही गोष्टी एका माणसात असणं सोपं नाही.”

नोलाला ठसका लागला. ती अंगणात गेली.

रीत अशी : कामगार दिनाच्या आदल्या संध्याकाळी मासे साफ करायच्या शेडमध्ये जेवण असतं. नव्या माणसानं बर्फाच्या पेटीवर उभं राहून आपला उन्हाळा सांगायचा. मग टोप्या वर करून मत. गटातल्यांना झेपत नाहीत ती गिऱ्हाइकं ते आपसांतच वाटतात. बर्लकडे पुढच्या जूनचीच यादी वाहून चाललीय. माझ्या वहीत आज एकोणीस पानं.

म्हणजे हा प्रश्न बोटीचाच आहे, हे मला समजतं. पण ज्या कुलुपाविरुद्ध सगळा उन्हाळा बोललो त्याची किल्ली खिशात घालायची? बराच वेळ येरझारा घातल्या. मग लख्ख दिसलं. ते मला कुलपाच्या आत घेत नाहीयेत, कुलूप काढायला बोलावतायत! ‘दोन्ही गोष्टी एका माणसात’ म्हणजे दुसरं काय? चार भागांत भाषण लिहायला घेतलं. पहिला भाग ग्रीसपासून.

३ सप्टेंबर

भाषण नोलाला वाचून दाखवलं. ती दुसऱ्या भागापर्यंत टिकली.

“लेथन, हे सगळं राहू दे. पेटीवर उभा राहा आणि या उन्हाळ्यात तू काय केलंस तेवढंच सांग. सरळ. जसंच्या तसं.”

“आणि ग्रीस?”

“ग्रीसला रालीत वेळ मिळेल.”

तिनं पहिल्यांदाच ‘राली’ असं म्हटलं जसं मी म्हणतो, तोंड वाकडं करून. मी कागद मिटले.

६ सप्टेंबर

रात्रीच लिहून काढतो.

शेडमध्ये चाळीस-पन्नास माणसं. तळलेले मासे, हशपपी म्हणजे मक्याच्या पिठाची भजी, कोबीची कोशिंबीर, बिअरच्या बादल्या. बर्लनं शिट्टी मारली, मी पेटीवर चढलो.

नोलाचं ऐकलं. म्हणालो : “मित्रांनो, मी या उन्हाळ्यात एकच गोष्ट केली. मला जिथं मासे मिळाले ती जागा मी तुम्हाला दररोज, उघड्या चॅनेलवर, मैल आणि वाव सांगून, खरी सांगितली.”

बादलीत बर्फ सरकलेला ऐकू आला.

मग क्लाइडच्या नाकातून आवाज निघाला. तो बाकावरून खाली गेला तो वर आलाच नाही. मग सगळी शेड. लोक टेबलं बडवत होते, एकमेकांच्या गळ्यात पडत होते.

मी हात वर केला. “हसण्यासारखं काय आहे? अठ्ठावीस मेला बावीस मैल म्हणालो, बावीस मैलच होते! दोन जुलैला रिकामा म्हणालो, मी रिकामाच होतो!”

“बास, मास्तर!” बर्ल पोट धरून ओरडला. “बास! माझी आतडी!”

“मी शपथेवर सांगतो—”

“शपथेवर!” मागून कुणीतरी किंचाळलं.

तेव्हा, पंधरा आठवड्यांनी, या डोक्यात प्रकाश पडला. मी जितकं खरं सांगितलं तितकं मोठं खोटं म्हणून ते पोचलं. जितके मासे खिळ्याला टांगले तितकी त्यांची खात्री झाली की हा माणूस भलतीकडेच होता. सगळ्या किनाऱ्यावर मी थापाड्यांचा राजा म्हणून नावारूपाला आलो होतो आणि मला वाटत होतं मी विचार पेरतोय.

तोंड उघडलं. माझ्याकडे शब्द होते. माझ्याकडे शब्द नाहीत असं कधी झालेलं नाही. तारखा होत्या, हॅलिससारखा साक्षीदार होता. एकेक दिवस घेऊन त्या शेडमधलं हसू मी बंद करू शकलो असतो. समोर नोला होती. ती हसत नव्हती. दोन्ही हातांनी पर्स धरून माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मला एकदम कळलं की त्या दुसऱ्या मजल्यावर तिलाही जायचं नाहीये.

मी तोंड मिटलं. टोपी काढून वाकलो. आयुष्यातलं माझं सगळ्यात लहान भाषण.

सगळ्या टोप्या वर गेल्या. बर्लनं मला पेटीवरून उतरवलं, डोळे पुसत म्हणाला, “इतिहासाच्या पेपरात मी एवढी कल्पनाशक्ती दाखवायचो तेव्हा नापास करायचात, मास्तर!”

परत येताना हॅलिसला विचारलं, “तुला माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“जूनभर कुणी येत नव्हतं, मासे आपल्यालाच मिळत होते,” हॅलिस म्हणाला.

९ सप्टेंबर

कामगार दिनालाच वही झाली : त्रेपन्न पानं. माझी एकोणीस, बर्लची चौदा, क्लाइडची नऊ, बाकी इतरांची. नोलानं मुलीला फोन करून रालीतलं ते बघून ठेवलेलं घर सोडून द्यायला सांगितलं. मुलगी विचारत होती, बाबांनी असं केलं तरी काय. नोला म्हणाली, “भाषण. छोटं होतं, म्हणूनच जमलं.”

सकाळी बर्लनं मला त्याच्या बोटीवर, दार लावून, सगळं शिकवलं. अर्धा तास लागला. व्यवस्था विलक्षण हुशार आहे. तीन पिढ्यांत एकदाही फुटलेली नाही. ती इथं लिहीत नाही. हे माझ्या तत्त्वाविरुद्ध जातं, हे मला समजतं. तत्त्वाचा फेरविचार हिवाळ्यात शांतपणे करावा म्हणतो. वही टेबलावर उघडी राहते, आणि घरात पाहुणे येतात.

संध्याकाळी नोला कोळंबी सोलत होती. वर न बघता म्हणाली, “मग? काय असतं रे ते त्यांचं? फळ्या, बरण्या? मला सांगायला काय हरकत आहे?”

मी वर्तमानपत्र उचललं. “तसलं काही नसतंच. माणसं उगाच बडबडतात वेळ जायला.”

तिनं दोन कोळंब्या सोलल्या. तिसरी हातात धरून माझ्याकडे बघितलं.

“हे मात्र तुला अजिबात जमत नाही, लेथन.”